शाळेची वाट आणि सायकलचा साज

वणीहून यवतमाळच्या दिशेने निघाले की सुमारे वीस किलोमीटरवर मारेगाव हे तालुक्याचे गाव लागते. सकाळी दहाच्या आसपास ह्या रस्त्याच्या कडेने शाळकरी मुलींच्या सायकलींची माळ गावाकडे सरकताना दिसते. दप्तरे कॅरिअरला बांधलेली, ओढण्या मागे घेऊन कमरेशी गाठ मारलेल्या, आणि शेजारून धुरळा उडवीत जाणाऱ्या मालमोटारी. दृश्य मोठे आश्वासक आहे. परंतु थोडे थांबून पाहिले तर त्याच रस्त्याने काही मुली पायी येत असल्याचेही ध्यानात येते. त्यांतील तिघींना प्रस्तुत लेखकाने सहज विचारले, "तुम्हांला सायकल मिळाली नाही का?" उत्तर आले, "मिळाली ना साहेब. घरी उभी आहे."

ती का उभी आहे ह्याची कारणे ऐकण्यासारखी होती. एकीच्या सायकलची मागची ट्यूब महिन्यापूर्वी गेली होती आणि तिच्या गावात पंक्चर काढणारे कोणी नव्हते. दुसरीची चेन वाटेत सारखी उतरे. हात काळे करून वर्गात उशिरा जाण्यापेक्षा पायी निघणे तिला सोयीचे वाटू लागले होते. तिसरीच्या सायकलवरून युरियाची पंचेचाळीस किलोंची गोणी शेतावर नेताना कॅरिअर वाकले होते आणि ते चाकाला घासत होते. ह्यांपैकी एकही बिघाड सायकल टाकून द्यावी असा नव्हता. जाणत्या हाताला ते अर्ध्या तासाचे काम. पण ते कोणी करावयाचे, कोठे करावयाचे आणि कोणत्या हत्यारांनी, ह्याचा विचार कोणीच केलेला नव्हता. सायकल घरी पोहोचली होती. तिच्यासोबत लागणारा पंप, पाना, दिवा, कुलूप हा साज पोहोचला नव्हता. शासनाचे अधिकारी, शिक्षक आणि पंचायतींचे सदस्य ह्यांनी लक्ष घालावे असा हा विषय आहे.

अंतराचा हिशेब

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यान्वये पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी अशी अपेक्षा आहे. आठवीनंतर मात्र कायद्याचे हे बोट सुटते. माध्यमिक शाळा मोठ्या गावी किंवा तालुक्याच्या ठिकाणी असते. मारेगाव, झरी जामणी, केळापूर ह्या भागांत कोलाम बांधवांच्या वस्त्या, ज्यांना येथे 'पोड' म्हणतात, मूळ गावापासूनही दूर असतात. पोडावरून गावात, गावातून फाट्यावर आणि फाट्यावरून शाळेत असा हा प्रवास. चार-पाच किलोमीटरचे अंतर पायी चालण्यास सव्वा तास लागतो. जाऊन-येऊन अडीच तास. घरचे पाणी, स्वयंपाक व धाकटी भावंडे सांभाळून हे अडीच तास काढणे जिला जमत नाही, तिचे नाव आठवी-नववीच्या हजेरीपटावरून हळूहळू नाहीसे होते. सायकलने हेच अंतर पंचवीस मिनिटांचे होते. दिवसाचे दीड तासाहून अधिक वाचतात, आणि पुष्कळ घरांत मुलीचे शिक्षण ह्या दीड तासावरच ठरते.

ही गोष्ट ओळखूनच आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमाखाली आठवी ते बारावीतील गरजू मुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली. २०११ पासून हा कार्यक्रम राज्यातील १२५ तालुक्यांत राबविण्यात आला. शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंतच्या अंतरावर राहणाऱ्या मुलींसाठी सायकल आणि त्यापलीकडच्या मुलींसाठी एस.टी.च्या खास बसगाड्या, अशी तिची सर्वसाधारण रचना आहे. सायकलसाठीचे अनुदान २०२२ मध्ये ३,५०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आले. रक्कम मुलीच्या बँक खात्यात जमा होत असल्याने कोणती सायकल घ्यावयाची हे आता पालक आणि मुलगी ठरवितात. जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण समित्यांमार्फतही सायकली देण्यात येतात.

सायकलने काय साधते ह्याचा पुरावा इतर राज्यांतून मिळतो. बिहारमध्ये २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी रक्कम देण्यास प्रारंभ झाला. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश ह्या अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या झारखंडाशी तुलना करून त्या योजनेचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलगे व मुली ह्यांच्या पटनोंदणीतील तफावत ४० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. शाळा तीन किलोमीटरहून दूर असलेल्या गावांत हा परिणाम अधिक ठळक होता. त्याही आधी, १९९० नंतरच्या वर्षांत, तामिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेचा एक भाग म्हणून हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत ह्यांनी त्या उपक्रमास पाठबळ दिले. तेथे स्त्रियांच्या सायकलींचा तुटवडा पडला तेव्हा पुष्कळ जणींनी पुरुषांची सायकल घेतली आणि तीच बरी असे त्यांचे मत झाले. कारण मधल्या दांडीवर लहान मूल बसविता येत होते!

सायकल कोणती घ्यावी

मारेगावसारख्या ठिकाणी सायकल निवडण्याची एक साधी कसोटी सांगता येईल. जिची ट्यूब, टायर आणि ब्रेकचे रबर गावच्या दुकानात टांगलेले दिसते ती सायकल घ्यावी. शहरातील दुकानात झगमगीत रंगांच्या, जाड टायरांच्या, धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगांच्या आणि अनेक गिअरांच्या सायकली मांडलेल्या असतात व मुलांचे मन त्यांवरच बसते. ह्यात मुलांचा दोष नाही. परंतु अशा सायकलचा गिअर सहा महिन्यांनी वाकला की तो सरळ करणारा कारागीर तालुक्यात मिळणे कठीण होते, आणि मग सायकल उभी राहते.

ह्याउलट काळी, उंच, अठ्ठावीस इंची चाकांची जुन्या घडणीची सायकल पाहावी. इंग्लंडातून आलेला हा नमुना सोनीपतच्या अ‍ॅटलासने १९५१ नंतर आणि लुधियानाच्या हिरोने १९५६ नंतर खेडोपाडी पोहोचविला. अ‍ॅटलासच्या अखेरच्या कारखान्यातील उत्पादन २०२० साली थांबले, तरी त्या घडणीचे सुटे भाग एकमेकांना बसत असल्याने जुन्या सायकली चालूच राहिल्या. तिचे वजन वीस किलोंच्या आसपास, गिअर एकच. पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्याला १८ दाते असले तर पायडलाच्या एका फेरीत सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. पाच किलोमीटरच्या शाळेसाठी नऊशेहून थोड्या अधिक फेऱ्या माराव्या लागतात. चढ आला तर उतरून ढकलावी. मुलींसाठी हीच घडण मधली दांडी खाली उतरविलेल्या रूपात मिळते. तिची चेन पूर्णपणे झाकणारे आवरण आणि मागच्या चाकावरची जाळी ह्या दोन वस्तू शोभेच्या नव्हेत. सलवारीचा पायघोळ चेनमध्ये किंवा ओढणीचे टोक आऱ्यांमध्ये गेले तर सायकल जागीच थांबते आणि मुलगी पडते. पुष्कळदा दुरुस्तीच्या वेळी ही जाळी काढली जाते आणि पुन्हा बसविली जात नाही. शिक्षकांनी एवढे जरी पाहिले तरी काही अपघात टळतील.

सीटची उंची हा एक दुर्लक्षित विषय आहे. सीटवर बसून पायडल अगदी खाली नेले आणि त्यावर टाच टेकविली असता पाय सरळ झाला पाहिजे. म्हणजे चवडा ठेवून चालविताना गुडघ्यात थोडा बाक राहतो. नव्याने शिकणाऱ्या मुलीचे पाय जमिनीला टेकणे आवश्यक असल्याने आरंभी सीट खालीच ठेवावी लागते, पण तोल आल्यावर ती वर घेतली पाहिजे. आठवीतील मुलगी बारावीपर्यंत चांगलीच उंच होते. सीट मात्र आठवीच्या उंचीवरच राहते, कारण तिचा बोल्ट गंजून गेलेला असतो. मग गुडघे दुखतात, सायकल जड लागते, आणि "हिला सायकल झेपत नाही" असा निष्कर्ष घरी काढला जातो. वर्षातून एकदा तो बोल्ट सैल करून, सीटच्या दांडीला ग्रीसचे बोट लावून पुन्हा आवळावा.

काटा आणि हवा

ह्या भागातील सायकलचा मुख्य शत्रू म्हणजे बाभळीचा काटा. शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळी छाटून त्यांच्या फांद्या कुंपणासाठी बंडीतून नेल्या जातात, तेव्हा पांदण रस्त्यावर आणि गावच्या वेशीपाशी काटे विखरून पडतात. पांढरा, सरळ, टणक असा हा काटा टायरमध्ये शिरतो आणि त्याचे टोक मोडून आतच राहते. पंक्चर काढणाऱ्याने ट्यूबचे भोक बुजविले पण टायरच्या आतून बोट फिरवून ते टोक शोधले नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा भोक पडते. पालक म्हणतात, "काल तर पंक्चर काढले होते." ते खरेच असते.

पंक्चर काढणे ही अवघड विद्या नव्हे. आठवीची मुलगी दोन वेळा पाहून ती शिकू शकते. आधी व्हॉल्व्ह तपासावा. आपल्याकडील साध्या सायकलींच्या व्हॉल्व्हमध्ये रबराची एक बारीक नळी असते, तिला दुकानात 'वालट्यूब' म्हणतात. उन्हाने ती कडक होते, चिरते आणि हवा हळूहळू जाते. व्हॉल्व्हच्या तोंडावर पाण्याचा थेंब ठेवून बुडबुडा येतो का ते पाहावे. आला तर ट्यूब काढण्याची गरजच नाही. दोन इंच नवी वालट्यूब चढविली की काम झाले. चहाच्या एका कपाइतकाही खर्च ह्याला येत नाही, आणि तरी ह्या एका कारणासाठी किती सायकली भिंतीला टेकून असतात ह्याची गणती नाही.

भोक ट्यूबलाच असेल तर टायरची एक बाजू पट्टीने उचलून ट्यूब बाहेर घ्यावी. पट्टीऐवजी पेचकस वापरण्याची सवय वाईट. तिने एक भोक बुजविताना दुसरे पडते. ट्यूबमध्ये हवा भरून ती घमेल्यातील पाण्यात फिरविली की बुडबुडे जागा दाखवितात. ती जागा पुसून, काचकागदाने घासून खरबरीत करावी आणि सोल्यूशनचा पातळ थर द्यावा. येथे बहुतेकांची घाई होते. सोल्यूशन ओले असतानाच ठिगळ लावले तर ते धरत नाही. बोट लावले असता चिकटेनासे होईपर्यंत, म्हणजे काही मिनिटे, थांबावे. मग ठिगळ ठेवून जोराने दाबावे. ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोके दिसली तर मात्र काट्याला दोष देऊ नये. टायरमध्ये हवा कमी असताना सायकल दगडावरून वा खड्ड्यातून गेली की रिमच्या दोन कडांमध्ये ट्यूब चिमटली जाते, त्याची ही खूण होय. सायकलवर बसल्यावर मागचे टायर जमिनीशी पसरलेले दिसत असेल तर हवा अपुरी आहे असे समजावे. कमी हवेची सायकल जड चालते हा अनुभव सर्वांना आहे. ती पंक्चरही लवकर होते हे कमी जणांना ठाऊक असते.

मारेगावच्या बाजारपेठेत भेटलेले एक वयस्क कारागीर ह्या सर्वांचा मुद्दा एका वाक्यात सांगत होते, "साहेब, सायकल चालवल्यानं बिघडत नाही, उभी ठेवल्यानं बिघडते." उन्हाळी सुटीत दोन महिने हवा गेलेल्या टायरांवर उभ्या असलेल्या सायकलीचे टायर बाजूने चिरतात, हे त्यांनी दाखवूनही दिले. विदर्भातील मे महिन्याचे ऊन लक्षात घेता सुटीत सायकल सावलीत उलटी करून, सीट आणि हँडलवर उभी ठेवणे हा उत्तम उपाय आहे. त्याला खर्च काही नाही.

चेनचे तंत्रही असेच सोपे. मधोमध बोटाने उचलली असता ती साधारण एक-दीड सेंटिमीटर हलावी; त्याहून अधिक सैल असेल तर उतरते. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंचे नट सैल करून चाक किंचित मागे ओढावे व पुन्हा आवळावे. तेलाचे थेंब चेनच्या आतल्या बाजूला सोडावेत आणि वरचे तेल फडक्याने पुसून टाकावे. घरातील खाद्यतेल मात्र वापरू नये. ते चिकट होते आणि काळ्या मातीची धूळ धरून ठेवते.

पावसाळा

काळ्या कसदार मातीचा प्रदेश हा सायकलस्वाराला जून ते सप्टेंबर परका होतो. ओली माती टायरला चिकटते, मडगार्ड आणि चाक ह्यांच्या फटीत साचते, आणि पन्नास पावलांत चाक फिरेनासे होते. म्हणून पुष्कळ जण मडगार्डच काढून टाकतात व मग पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन शाळेत जातात. पोडावरच्या मुलींनी यावर आपला तोडगा काढला आहे. पांदण रस्त्याचा चिखलाचा टप्पा पायी ओलांडावयाचा आणि सायकल डांबरी रस्त्यालगतच्या एखाद्या घरी किंवा दुकानाशी ठेवावयाची. ग्रामपंचायतीने फाट्यावर चार पत्र्यांचा निवारा आणि साखळी अडकविण्यास एक लोखंडी दांडी उभी केली तर ह्या तोडग्याला सुरक्षितता लाभेल. खडीकरण होईल तेव्हा होईल. पत्रे ह्याच वर्षी बसविता येतात.

ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो हेही मुलींना सांगितले पाहिजे. लोखंडी, चकचकीत रिमच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. उतारावर आधीपासूनच ब्रेक हलके दाबत राहिल्याने रिमवरील पाणी पुसले जाते. छत्री एका हातात धरून सायकल चालविणे ही खेड्यातील नेहमीची गोष्ट, पण एका हाताने एकच ब्रेक लागतो आणि वाऱ्याचा झोत छत्रीसह सायकल ओढतो. टोपीचा रेनकोट बरा. त्याचा घेर चाकात जाणार नाही इतका आखूड असावा.

अंधार पडण्यापूर्वी

डिसेंबरात विदर्भात साडेपाच ते पावणेसहाच्या दरम्यान सूर्य मावळतो. पाच वाजता सुटलेली शाळा, मैत्रिणींची वाट पाहण्यात गेलेली दहा मिनिटे आणि पाच किलोमीटरचे अंतर ह्यांची बेरीज केली तर शेवटचा टप्पा संधिप्रकाशात येतो. दहावीचे जादा वर्ग असतील तर पूर्ण अंधारात. वणी परिसर कोळशाच्या खाणींचा आहे. त्या भागातील रस्त्यांवर अवजड वाहतूक असते आणि उडणाऱ्या धुळीत मागून येणाऱ्या वाहनचालकास काळी सायकल व गडद गणवेश दिसत नाही. साजातील सर्वांत महत्त्वाची वस्तू कोणती असे विचारले तर प्रस्तुत लेखक पंपाचे नव्हे, दिव्याचे नाव घेईल.

जुन्या पिढीतील वाचकांना सायकलच्या डायनामोची आठवण असेल. टायरला टेकविलेली ती छोटी बाटली चाकाबरोबर फिरे आणि सहा व्होल्टचा दिवा लागे. सायकल थांबली की दिवाही विझे. त्या काळी बिनदिव्याच्या सायकलस्वारास आणि 'डबल सीट' जाणाऱ्यास पोलीस अडवीत, आणि नगरपालिकेचा बिल्ला नसला तर आणखी एक कटकट. तो बिल्ला गेला ह्याचे दुःख नाही. दिव्याची शिस्तही त्याच्यासोबत गेली, हे मात्र बरे झाले नाही. आता भारित करता येणारे लहान दिवे स्वस्त झाले आहेत. पुढे पांढरा आणि मागे लाल असे दोन दिवे असावेत. एकच परवडत असेल तर तो मागे लावावा, कारण धोका मागून येतो.

परावर्तकांचे काम वेगळे असते. त्यांना स्वतःचा प्रकाश नसतो. वाहनाच्या दिव्याचा प्रकाश ते चालकाच्या डोळ्यांकडे परत पाठवितात. पुढे पांढरा, मागे लाल, पायडलांना पिवळा आणि चाकांच्या आऱ्यांत बसविलेला असे ते असतात. केंद्र शासनाने २०२० साली सायकलींवरील परावर्तकांसाठी गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश काढला, त्यामुळे नव्या सायकलवर ते असावयास हवेत. खरेदीच्या वेळी ते मोजून घ्यावेत. चिखलाने झाकलेला परावर्तक असून नसून सारखाच, तेव्हा शाळेतून निघताना तो ओल्या फडक्याने पुसण्याची सवय लावावी. दप्तराच्या मागे चमकणाऱ्या कापडाची पट्टी शिवून घेणे हाही चांगला उपाय. मुख्य गोष्ट मात्र शाळेच्या हाती आहे. थंडीच्या दिवसांत जादा वर्ग सायंकाळऐवजी सकाळी घेता येतात, आणि एका दिशेच्या मुली एकत्र निघतील अशी व्यवस्था करता येते.

ओझ्याविषयी थोडक्यात. दप्तर किंवा डबा हँडलला लटकवू नये. तो पुढच्या चाकात अडकला तर सायकल उलटते. जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून तिने दप्तर कॅरिअरला आवळावे. ह्याहून चांगली दोरी बाजारात मिळत नाही. घरच्या कामासाठी मुलीची सायकल वापरली जाते ह्याबद्दल पालकांवर रागावण्यात अर्थ नाही. पाण्याचे गुंड, वैरण, खताची गोणी हे सारे वाहून आणणे हाही त्या घराचा संसारच आहे. जड ओझे चढवावयाचे तर कॅरिअरचे दोन्ही आधार व बोल्ट आवळलेले असावेत, आणि ओझे असताना सायकलवर न बसता ती हाताने ढकलीत न्यावी, एवढे सांगणे पुरे.

फाट्यापासून पुढे

सायकलसह प्रवास म्हटले की एखाद्या भटक्या हौशी स्वाराचे चित्र डोळ्यांपुढे येते. ग्रामीण भागातील असा प्रवास निराळा असतो. सायकलने फाट्यापर्यंत यावयाचे, ती तेथे ठेवावयाची आणि पुढे एस.टी.ने वणी किंवा यवतमाळ गाठावयाचे. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींचा हा रोजचा क्रम आहे. त्यासाठी मागच्या चाकाच्या कुलपाखेरीज एक साखळी असावी, कारण केवळ चाक बंद केलेली सायकल उचलून नेता येते. साखळी सायकलच्या चौकटीतून घेऊन झाडाला किंवा खांबाला बांधावी. प्रत्येक सायकलच्या चौकटीवर, बहुधा पायडलांच्या आसाखाली किंवा सीटच्या नळीवर, एक क्रमांक ठोकलेला असतो. शाळेच्या नोंदवहीत मुलीच्या नावापुढे तो लिहून ठेवला तर चोरी झाल्यास पोलिसांकडे तक्रार देताना उपयोगी पडतो. लाभाची नोंद करणाऱ्या शिक्षकास ह्या एका रकान्याची भर घालणे जड जाऊ नये.

एस.टी.च्या टपावर दोरखंडाने बांधलेल्या सायकली ज्यांनी पाहिल्या त्यांना तो काळ आठवत असेल. आता टपावर जाळी नसलेल्या गाड्या पुष्कळ आहेत, म्हणून सायकल सोबत न्यावयाची असेल तर आगारात आधी चौकशी करावी. बारावीनंतर नागपूर किंवा वर्धा येथे शिकावयास जाणाऱ्या मुलीला आपली सायकल वसतिगृहावर हवी असते, आणि त्यासाठी रेल्वे हा मार्ग आहे. मारेगावला जवळचे रेल्वे स्थानक वणी हे होय. रेल्वेच्या मोफत सामानाच्या मर्यादेत सायकल बसत नाही. तिचे वेगळे शुल्क भरून ती मालडब्यातून पाठवावी लागते. प्रवासी स्वतः त्याच गाडीने जात असेल तर आपले तिकीट दाखवून ती 'लगेज' म्हणून नोंदविता येते. एरवी 'पार्सल' म्हणून. गाडीला मालडबा आहे की नाही आणि स्थानकावरील थांबा सायकल चढविण्याइतका आहे की नाही, हे पार्सल कार्यालयात आधी विचारून घ्यावे. लहान स्थानकावर ही सोय नसेल तर मोठ्या स्थानकापर्यंत जावे लागते.

बांधणीत थोडी काळजी हवी. दिवा, पंप, घंटी ह्या सुट्या वस्तू काढून घ्याव्यात. चौकटीला व हँडलला गोणपाट गुंडाळून सुतळीने शिवावे, पायडले चौकटीला बांधावीत. पाठविणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव, दोन्ही स्थानकांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक जाड पुठ्ठ्यावर लिहून तो दोन ठिकाणी बांधावा; एक गळून पडला तर दुसरा राहतो. मिळालेली पावती जपावी. सायकल तिच्यावरच ताब्यात मिळते, आणि नेण्यास उशीर झाल्यास विलंब आकार द्यावा लागतो.

गावच्या हाती काय आहे

मोटारसायकलींचा प्रसार झाल्यापासून मोठ्या माणसांनी सायकल सोडली आणि तिच्या दुरुस्तीची दुकानेही पाठोपाठ मोटारसायकलींच्या पंक्चरकडे वळली. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, परंतु आज खेड्यात ती चालविणारे हात व पाय बहुतांशी शाळकरी मुलांचे आहेत. पूर्वी घरातील वडील माणूसच पंक्चर काढून देई. आता ते काम शाळेने आणि पंचायतीने काही प्रमाणात उचलावयास हवे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करावयाचा असतो. त्यातून शाळेला एक उभा पंप, पान्यांचा संच, टायर उचलण्याच्या दोन पट्ट्या, काचकागद, सोल्यूशन, ठिगळांचा डबा, वालट्यूबची गुंडाळी, तेलाची कुपी आणि एक घमेले एवढे घेऊन देता येते. खर्च किरकोळ आहे. वस्तू कोणाच्या ताब्यात राहतील हे ठरविणे तितके सोपे नाही. कार्यालयाच्या कपाटात कुलपात पडलेला पंप असल्या-नसल्यासारखाच. तो वऱ्हांड्यात, मुलींच्या हाताशी असावा, आणि नववीच्या दोन मुलींकडे महिन्याच्या पाळीने सोपवावा. वापराने पंप लवकर झिजला तर दुसरा आणावा.

आठवड्यातून एक कार्यानुभवाचा तास ह्यासाठी दिला तर गावातीलच एखादा कारागीर चार तासांत पंक्चर, चेन, ब्रेक आणि सीट ह्या चार गोष्टी शिकवू शकेल. त्याला मानधन द्यावे. विनामूल्य सेवेच्या अपेक्षेवर असे उपक्रम दुसऱ्या वर्षी टिकत नाहीत. मुलगे आपोआप पुढे सरसावतात आणि मुली पाहत उभ्या राहतात, हे मात्र टाळले पाहिजे. सायकल जिची आहे तिच्या हाती पाना द्यावा.

विदर्भातील शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडतात. दोन महिने उभ्या राहिलेल्या सायकली त्या आठवड्यात घराबाहेर निघतात आणि त्याच आठवड्यात पहिला मोठा पाऊसही येतो. शाळा उघडण्यापूर्वीचे दोन दिवस शाळेच्या आवारात कारागीर बसवून, दवंडी देऊन किंवा दूरध्वनीवर निरोप धाडून सर्व मुलींच्या सायकली तेथे आणवाव्यात. पोडावरून सायकल ढकलत आणणे ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी पंप आणि पेटी घेऊन कारागिरानेच तिकडे एक फेरी करावी.